घरची बातमी

भैया चौकातील डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे घर आपण सोलापूरकरांनी येता-जाता पाहिलेले असते. आता त्या घराचे स्मारक झाले आहे. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांची सेवा करणारा सोलापूरचा सुपुत्र, एवढे शालेय वयापासून आपल्याला पाठ असते. व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने ही कथा घरोघरी नेली. मला मात्र या कथेतील एका वेगळ्याच प्रसंगावर थांबावेसे वाटते.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ हे मध्यमवर्गीय घरातले. तीन भाऊ आणि पाच बहिणी असा मोठा संसार. मुंबईच्या सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. अशा घरात एक मुलगा डॉक्टर झाला की साऱ्या घराच्या आशा त्याच्याकडे लागतात, हे वेगळे सांगायला नको. नेमक्या याच वेळी, १९३८ साली, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने वैद्यकीय पथक पाठवायचे ठरवले. सुभाषबाबू तेव्हा अध्यक्ष होते. पथकात पाच डॉक्टर: अटल, नागपूरचे वयोवृद्ध चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस. मुदत होती एक वर्षाची. सप्टेंबरमध्ये मुंबईहून जहाज निघाले.

कँटन, हँको असा प्रवास करीत, जपानी फौजा मागे येत असताना, पथक चुंगकिंगला पोहोचले. पुढे येनानला जायची तयारी चालू होती आणि तेथेच घरची बातमी आली. वडील गेले होते.

आपल्याकडे घरात माणूस गेले की दु:ख एकट्याचे राहत नाही. शेजारी स्वयंपाक करून पाठवतात, नातेवाईक मुक्कामाला येतात. दहावा, तेरावा यांच्या धावपळीत मुलाला रडायला सवड नसते, आणि तीच गोष्ट त्याला सावरते. कोटणीसांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. अग्नी देऊन झालेला. आईच्या शेजारी बसणे अशक्य. भोवती परकी भाषा, परके अन्न, आणि आपले म्हणावेत असे चार सहकारी. परत जाण्यात कमीपणा नव्हता. तो मार्ग त्यांना मोकळा होता. तरीही ते येनानच्या वाटेला लागले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये तेथे पोहोचले.

हा निर्णय योग्य होता का? आपल्या मनाला तो चटकन पटत नाही, आणि पटू नये असेच मला वाटते. घरी आई आणि भावंडे होती. परदेशातल्या मुलाने घेतलेल्या निर्णयाचे ओझे प्रत्यक्षात त्यांनी वाहिले. त्यांच्या नावाने कोणी चित्रपट काढला नाही. पण कोटणीस दु:खापासून पळाले, असेही म्हणवत नाही. पळणारा माणूस काम टाळतो. हे कामात अधिकाधिक खोल शिरत गेले. वर्षाची मुदत संपली, सहकारी एकेक करून परतू लागले. बसू आणि कोटणीस मागे राहिले. १९४० सालच्या एका मोठ्या लढाईत कोटणीसांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. चिनी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की ते तीत शिकवू लागले. जानेवारी १९४१ मध्ये, कॅनडाच्या दिवंगत डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले.

त्याच वर्षी त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या कुओ चिंग-लान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. मोडलेल्या घराच्या जागी नवे घर उभे राहिले, म्हणावे तर तसे. पण शरीर थकले होते. अपस्माराचे झटके येत होते. विश्रांतीचा सल्ला मिळूनही त्यांनी काम सोडले नाही. येथे त्यांचे चुकलेच, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मनाचा ताण कामात बुडवता येतो, शरीराचा नाही, आणि हे डॉक्टरला कोणी सांगायचे? शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तक लिहीत असताना त्यांना शेवटचा झटका आला. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

आता बातमी उलट दिशेने प्रवासाला निघाली. १९४३ साली चाऊ एन-लाय यांनी कोटणीस कुटुंबाला सांत्वनाचे पत्र लिहिले. चार वर्षांपूर्वी मुलाला दुरून वडिलांचे दु:ख सोसावे लागले होते. या खेपेस घरच्यांना मुलाचे सोसावे लागले, आणि त्यांनाही अंत्यदर्शन नव्हते.

कुओ चिंग-लान यांच्या दु:खाला तर अंत नव्हता. यिनहुआ वाढला, वडिलांसारखाच डॉक्टर होण्यासाठी वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला, आणि १९६७ साली ऐन पंचविशीत गेला. त्यानंतरही त्या माऊलीने कोटणीसांच्या माणसांशी असलेले नाते तुटू दिले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्यांना भेटून गेल्या. २०१२ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे चीनमध्ये निधन झाले.