जमनालालजींच्या कागदांतले वर्धा

मेळाव्यात भेटलो की आपले बोलणे हमखास जुन्या वर्ध्यावर येते. कोणता वाडा पडला, कोणत्या दुकानाच्या जागी काय उभे राहिले, कोणते सर कुठे राहत असत, यावर वाद रंगतात. पुरावा दाखवा म्हटले की मात्र सगळे गप्प होतात. अशा वेळी मला जमनालालजी बजाज आठवतात. त्यांच्या देशसेवेवर आपण सर्वांनी शाळेत निबंध लिहिले आहेत. गावात नव्या वस्त्या उभ्या करणारा आणि त्यांचे कागद मागे ठेवून जाणारा माणूस म्हणून त्यांची आठवण या स्मरणिकेत असावी असे वाटले.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात, सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात, साध्या कुटुंबात झाला. वर्ध्याचे श्रीमंत व्यापारी शेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतले आणि ते वर्धेकर झाले. शाळा जेमतेम चार वर्षे झाली. बाकीचे शिक्षण पेढीच्या गादीवर. तिथे वहीत नोंद नाही तो व्यवहारच नाही. ही सवय त्यांच्या अंगी आयुष्यभर राहिली.

सतराव्या वर्षी आजोबांशी मोठा खटका उडाला. एका लग्नाला दागिने घालून जाण्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि शेठजींनी पैशावरून बोल लावले. मुलाने इस्टेटीवरचा सारा हक्क सोडल्याचे पत्र लिहिले आणि घर सोडले. आजोबांनी त्यांना समजूत घालून परत आणले. त्याच वर्षी, १९०७ साली, शेठजी वारले आणि सारी दौलत याच मुलाकडे आली. आपण तिचे मालक नसून विश्वस्त आहोत, असे त्यांनी तेव्हापासून मानले. ते पत्र टिकले म्हणून घरातले हे भांडण आज आपल्याला ठाऊक आहे.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर जमनालालजी त्यांच्याकडे ओढले गेले. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. तिथेच त्यांनी आपल्याला पाचवा मुलगा मानावे, अशी विनंती गांधीजींना केली. सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी परत केली. १९२१ मध्ये त्यांच्या आग्रहावरून गांधीजींनी विनोबांना वर्ध्यात आश्रम चालवायला पाठवले. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात जमनालालजी तुरुंगात गेले. जुलै १९२८ मध्ये सनातन्यांचा रोष पत्करून त्यांनी घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले.

त्यानंतर गावाचा नकाशाच बदलू लागला. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्याला आले, तेव्हा जमनालालजींनी आपली बाग आणि तिथली इमारत ग्रामोद्योगांच्या कामाला दिली. मगनलाल गांधींच्या नावावरून ती मगनवाडी झाली. तिथे कुमारप्पांनी ग्रामोद्योग संघाचे काम उभारले आणि १९३८ च्या अखेरीस मगन संग्रहालय सुरू झाले. बजाजवाडी देशभरातल्या पाहुण्यांचे घर बनली. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले. त्या गावची मालगुजारीही बहुतांशी जमनालालजींकडे होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावमुळे पत्रांची गफलत होऊ लागली, तेव्हा १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. टपालाच्या गोंधळातून गावाला नवे नाव मिळाले, ही गोष्टही कुणीतरी लिहून ठेवली म्हणूनच उरली.

अखेरच्या दिवसांत जमनालालजींनी गोसेवेचे काम अंगावर घेतले आणि गोपुरीत झोपडी बांधून ते राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यातच त्यांचे अचानक निधन झाले. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. पाचच महिन्यांनी वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला. तो दिवस पाहायला ते नव्हते.

पण त्यांचे कागद होते. ते डायरी लिहीत. कोण भेटले, कुठे गेलो, काय बोलणे झाले, अशा साध्या नोंदी. आलेली पत्रे ते जपून ठेवत. कुटुंबीयांनी पुढे हा पत्रव्यवहार आणि डायऱ्या हिंदीत खंडाखंडांनी छापल्या. गांधीजींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार काका कालेलकरांनी संपादित केला. त्यांचे कागद दिल्लीला तीन मूर्ती भवनाच्या ग्रंथालयात ठेवले आहेत. म्हणून बजाजवाडीत कोण उतरले होते, हे परगावचा अभ्यासकही सांगू शकतो.

आपल्या गल्लीचे काय? तिची नोंद जमनालालजींनी कुठून ठेवावी? आपले शिंपी, जिनिंगमधले कामगार, घरी बोलावून फुकट गणित शिकवणारे सर, हे सारे फक्त आपल्या आठवणीत आहेत आणि दर मेळाव्याला आपल्यातली दोन-चार माणसे कमी होतात. वाडा पाडताना माळ्यावरची ट्रंक बहुतेक वेळा रद्दीवाल्याकडे जाते. माझ्या घरची तशीच गेली. आजोबांच्या भाडेपावत्या तिच्यात होत्या, हे नंतर कळले.

तेव्हा एक विनंती. पुढच्या मेळाव्याला प्रत्येकाने घरातला एक जुना कागद आणावा. घरपट्टीची पावती, लग्नपत्रिका, वर्गाचा फोटो, काहीही चालेल. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने माणसांची नावे, वर्ष आणि जागा लिहावी. मूळ कागद घरीच ठेवावा आणि प्रत शाळेच्या ग्रंथालयाला द्यावी. गुरुजनांनी आणि बाईंनी जुनी हजेरी आठवून आम्हाला नावे सांगावीत. जमनालालजींकडे दौलत होती, आपल्याकडे नाही. पण डायरीतल्या चार ओळी लिहायला त्यांनाही वही आणि पेनच लागत होते.