नागावचे केरूनाना छत्रे

हरिहरेश्वरास ज्यांनी सहल नेली आहे त्या शिक्षकांना एक गोष्ट ठाऊक असते. देवळामागून पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेने जी प्रदक्षिणेची वाट जाते, ती ओहोटी असेल तरच चालता येते. भरतीच्या वेळी लाटा थेट खडकावर आदळतात. एकदा सातवीच्या मुलांना घेऊन मी त्या पायऱ्यांवर उभा होतो. भरती-ओहोटीची व्याख्या विचारली, तर निम्म्या वर्गाने ती न अडखळता म्हणून दाखविली. मग विचारले, आता पाणी चढते आहे की उतरते आहे? सगळे गप्प. खरे सांगायचे तर मलाही ते सांगता आले नाही. जाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका कोळ्याला विचारावे लागले. त्याने मनातल्या मनात तिथी मोजली आणि वेळ सांगून टाकली.

तेव्हापासून विज्ञानाची उजळणी घेताना मला आपल्याच किनाऱ्यावरच्या एका गणितज्ञाची आठवण येते.

केरो लक्ष्मण उर्फ केरूनाना छत्रे यांचा जन्म १८२५ साली हरिहरेश्वराच्या उत्तरेस, अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. लहानपणीच आईवडील वारले. चुलत्यांनी त्यांना शिक्षणासाठी मुंबईस नेले. आपल्या वस्त्यांतूनही वडील परदेशी किंवा जहाजावर आणि मुलगा चाचाच्या घरी वाढतो आहे अशी घरे थोडी नाहीत. त्या मुलांनी येथे क्षणभर थांबावे. एल्फिन्स्टनच्या संस्थेत प्रा. ऑर्लेबार यांच्या नजरेस या मुलाची गणितातील गती आली, आणि वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच केरूनाना कुलाबा वेधशाळेत कामास लागले. (आपल्या जिल्ह्याचे जुने नाव कुलाबा असले, तरी ही वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातील, ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारलेली.)

सुमारे दहा वर्षे त्यांनी तेथे काढली. काम कंटाळवाणे वाटावे असेच होते. हवेचा दाब किती, उष्णता किती, चुंबकाची सूची किती हलली, हे ठरल्या वेळी पाहावयाचे व लिहून ठेवावयाचे. दिवस असो वा रात्र, नोंद चुकता कामा नये. आजचा आकडा आणि कालचा आकडा शेजारी मांडल्यावाचून निसर्गाचा नियम दिसत नाही, हे ज्ञान त्यांना पुस्तकाआधी या वह्यांतून मिळाले असावे असे मला वाटते. आमच्या मुलांच्या प्रयोगवहीत मात्र निरीक्षणाचा रकाना प्रयोगाच्या आधीच भरलेला सापडतो. त्यात मुलांपेक्षा आम्हा शिक्षकांचा दोष अधिक.

पुढे ते पुण्यास शिक्षक झाले. त्या काळी मराठी शाळांत विज्ञान शिकवावे असे अनेकांना वाटे, पण मुलांच्या हाती द्यावयास पुस्तके फार थोडी. केरूनानांनी अंकगणित व पदार्थविज्ञान या विषयांची शालेय पुस्तके मराठीत लिहिली. दाब, उष्णता, गती यांविषयी कोकणातल्या किंवा देशावरच्या मुलाला त्याच्या बोलीजवळच्या भाषेत सांगावयाचे, आणि तेही बिनचूक, हे काम किती अवघड आहे ते शिकविणारालाच कळेल.

पण त्यांचे मोठे काम आकाशाचे. जुन्या पद्धतीच्या पंचांगातील ग्रहांची स्थाने आणि प्रत्यक्ष आकाशात दिसणारी स्थाने यांत अंतर पडत चालले होते. केरूनानांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे नव्याने गणित मांडून १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८६५ पासून त्यांच्या गणितावर आधारलेले पंचांगही निघू लागले; पुढे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. लोकांनी ते सहजासहजी स्वीकारले नाही. पण केरूनानांची कसोटी एकच होती: लिहिलेले आणि दिसणारे जुळले पाहिजे.

चंद्राचे हेच गणित हरिहरेश्वराच्या पायऱ्यांवर उपयोगी पडते. पृथ्वीची जी बाजू चंद्रासमोर असते तेथील पाणी चंद्र अधिक जोराने ओढतो. उलट बाजूच्या पाण्यावर ती ओढ पृथ्वीच्या मध्यापेक्षाही कमी, म्हणून तेथेही फुगवटा राहतो. त्यामुळे दिवसातून दोनदा भरती. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरतीही रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा. अमावास्येला व पौर्णिमेला सूर्याची ओढही चंद्राच्या ओढीला मिळते आणि उधाण येते; अष्टमीच्या सुमारास दोन्ही ओढी आडव्या पडतात, तेव्हा भांगाची भरती.

विद्यापीठाची पदवी केरूनानांजवळ नव्हती. मुंबई विद्यापीठच मुळी १८५७ साली निघाले. तरीही ते डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले, आणि लोकमान्य टिळकांसारखा विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाला. १८७७ साली सरकारने त्यांना रावबहादूर केले. उत्तर आयुष्यात सूर्यावरील डाग आणि आपल्याकडील पाऊस यांचा काही संबंध लागतो काय, याचा ते शोध घेत होते. तो संबंध आजही पक्का ठरलेला नाही. १८८४ साली ते निवर्तले.

गेल्या खेपेस सहलीआधी आम्ही मुलांना ओहोटीची वेळ स्वतः काढावयास सांगितली. चाँदची तारीख घरोघर ठाऊक असतेच. मुलांनी तीच घेऊन, अमावास्येपासून रोजची ५० मिनिटे धरून हिशोब केला आणि फळ्यावर वेळ लिहिली. हरिहरेश्वरास पोचलो तर त्या वेळी पाणी अजून ओसरतच होते. पाऊण तासाची चूक निघाली. मुले पायऱ्यांवर बसून वही तपासू लागली. शेवटी एका मुलीच्या ध्यानात आले, की चाँद दिसला त्या हिशोबाने आपण पहिली तारीख धरली, पण अमावास्या तर त्याच्या आदल्या दिवशीच होऊन गेली होती.