विश्लेषण : बेडकाचा पाय ते संगणकाचा पडदा... कोण होते लुईजी गॅल्व्हानी?

देवळाली कॅम्पमधून एमबीबीएसला गेलेल्या विद्यार्थ्याला स्नायूचे आकुंचन शिकण्यासाठी आता बेडूक कापावा लागत नाही. संगणकाच्या पडद्यावर मज्जातंतूला विजेचा झटका दिला की आकुंचनाचा आलेख उमटतो. या धड्याचे मूळ इटलीतील लुईजी गॅल्व्हानी यांच्या प्रयोगशाळेत आहे.

गॅल्व्हानी कोण होते?
त्यांचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ रोजी बोलोन्या शहरात झाला. तेथेच ते वैद्यकशास्त्र शिकले आणि शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. पत्नी लुचिया प्रयोगांत त्यांना मदत करत.

शोध काय लागला?
जवळच्या विद्युतयंत्रातून ठिणगी उडाली, त्याच वेळी मेलेल्या बेडकाच्या मज्जातंतूला सुरी टेकलेली होती आणि पाय आखडला. गॅल्व्हानी यांनी अनेक वर्षे प्रयोग करून प्राण्याच्या शरीरातच वीज असते, असा निष्कर्ष १७९१ मध्ये प्रसिद्ध केला.

वाद कशावरून झाला?
अलेस्सांद्रो व्होल्टा यांच्या मते वीज दोन वेगळ्या धातूंच्या स्पर्शातून येत होती. त्यावर गॅल्व्हानी यांनी धातू न वापरता, मज्जातंतू थेट स्नायूला टेकवून आकुंचन घडवले. व्होल्टा यांनी १८०० मध्ये विद्युतघट जाहीर केला. धातूंबाबत व्होल्टा बरोबर होते, तर शरीरातील विजेबाबत गॅल्व्हानी.

त्यांची नोकरी का गेली?
नेपोलियनने उभारलेल्या सिसालपाइन प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे प्राध्यापकपद गेले. ४ डिसेंबर १७९८ रोजी त्यांचे निधन झाले. व्होल्टांचा विद्युतघट पाहायलाही ते उरले नाहीत.

संगणकापर्यंत प्रवास कसा झाला?
मज्जातंतूतून संदेश कसा धावतो, हे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये समीकरणांत मांडले. हक्सली यांनी ती आकडेमोड हाताने फिरवायच्या यंत्रावर केली. दोघांना १९६३ मध्ये नोबेल मिळाले. आज मज्जातंतूच्या संगणकीय प्रतिकृती याच समीकरणांच्या आधारे चालतात.

मग बेडकाची गरज संपली?
शिकवण्यापुरती, बऱ्याच अंशी हो. एकच प्रयोग कितीही वेळा करता येतो, झटका कमी-जास्त करता येतो, स्नायू थकलेलाही दाखवता येतो. जीव मात्र जात नाही. पण पडदा तेवढेच दाखवतो, जेवढे आज्ञावलीत भरले आहे. गॅल्व्हानी यांच्या टेबलावरचा पाय कुणाचीही अपेक्षा नसताना हलला होता. म्हणून आलेख आल्यावर तो असाच का आला, हे विचारायला शिकवणे हे शिक्षकाचेच काम राहते.