यानोश हुन्यादी आणि बेलग्रेडचा वेढा

सेनानीचे मोठेपण त्याच्या विजयांच्या संख्येवरून ठरवण्याची आपल्याला सवय असते. पंधराव्या शतकातील हंगेरीचा सेनानी यानोश हुन्यादी याच्या चरित्राला मात्र हे माप पुरत नाही. त्याने दोन मोठे पराभव पाहिले. आणि ज्या विजयामुळे तो अजरामर झाला, त्यातील निर्णायक चढाई त्याच्या आज्ञेविरुद्ध झाली. मग त्याचे कर्तृत्व कशात आहे, हा प्रश्न मनात ठेवून आपण त्याचे जीवन पाहू.

हुन्यादीचे घराणे मूळचे वालाखियाचे. त्याच्या वडिलांना 1409 मध्ये राजा सिगिस्मंडकडून हुनेदोआराचा किल्ला इनाम मिळाला. यानोश लढवय्या म्हणून पुढे आला आणि 1441 मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाचा सुभेदार झाला. 1444 मध्ये वार्नाच्या रणांगणावर ऑटोमन सैन्याने ख्रिस्ती फौजेचा धुव्वा उडवला; हंगेरीचा राजा तेथेच पडला. 1446 मध्ये हुन्यादी राज्याचा कारभारी नेमला गेला. दोनच वर्षांनी कोसोव्होच्या मैदानात त्याचा पुन्हा पराभव झाला. तरीही दक्षिण सीमेवरची नजर त्याने ढळू दिली नाही.

1453 मध्ये सुलतान मेहमेद दुसरा याने कॉन्स्टँटिनोपल जिंकले. त्याची पुढची झेप बेलग्रेडवर पडली. डॅन्यूब आणि सावा या नद्यांच्या संगमावरील हा किल्ला म्हणजे हंगेरीचे प्रवेशद्वारच होते. हुन्यादीने तेथे स्वखर्चाने शिबंदी आणि रसद वाढवली व किल्ला आपला मेहुणा मिहाय सिलाद्यी याच्या हाती सोपवला. बहुतेक बडे सरदार मदतीला आले नाहीत. आले ते जोव्हान्नी दा कापिस्त्रानो या वृद्ध धर्मोपदेशकाच्या हाकेला धावलेले शेतकरी आणि कष्टकरी. त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती विळे आणि गोफणी याच काय त्या!

जुलै 1456 मध्ये वेढा पडला. ऑटोमन तोफांनी तटाला खिंडारे पाडली. 14 जुलैला हुन्यादीने नदीतील शत्रूच्या नौकांची फळी फोडली आणि किल्ल्यात कुमक पोहोचवली. 21 तारखेच्या रात्री शत्रू तटाच्या आत शिरला. रक्षकांनी पेटती लाकडे खंदकात टाकून हल्ला परतवला. दुसऱ्या दिवशी कोणीही बाहेर पडू नये, अशी हुन्यादीची आज्ञा होती. ती मोडून कष्टकऱ्यांचे जथे शत्रूवर तुटून पडले. हुन्यादी आज्ञाभंगाचा हिशेब करीत बसला नाही. त्याने स्वतः बाहेर पडून ऑटोमन तोफा काबीज केल्या. सुलतान जखमी झाला आणि वेढा उठला.

पण छावणीत प्लेग शिरला होता. 11 ऑगस्ट 1456 रोजी, विजयानंतर तीन आठवड्यांच्या आत, झेमून येथे हुन्यादीचा मृत्यू झाला. 1458 मध्ये त्याचा मुलगा माथियास हंगेरीचा राजा झाला. बेलग्रेड ऑटोमनांच्या हाती पडले ते थेट 1521 मध्ये.

हंगेरियन लोक त्याला यानोश म्हणतात, रुमानियन लोक यान्कु, तर सर्बियन लोकगीतांत तो यान्को झाला. प्रत्येक भाषेने त्याला आपल्या उच्चारात सामावून घेतले. आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळा. पराभवानंतरही सीमा न सोडणे आणि आपल्या योजनेबाहेर घडलेले धाडस क्षणात ओळखून त्याला बळ देणे, या दोन गोष्टींत हुन्यादीचे कर्तृत्व आहे. कोणतेही चरित्र वाचताना नायकाने काय घडवले, याबरोबरच घडलेल्याला त्याने कसा प्रतिसाद दिला, हेही आपण अवश्य तपासावे.