स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

नातीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात शरीराची उतरंड दिली आहे: शरीर, संस्था, अवयव, ऊती, पेशी आणि पेशीतली अंगके. त्या शेवटच्या पायरीवर गॉल्जी हे नाव वाचले आणि मी या माणसाच्या मागे लागलो.

कामिल्लो गॉल्जी यांचा जन्म १८४३ चा, इटलीतल्या कोर्तेनो गावचा. पाव्हियात वैद्यक शिकून ते संशोधनात रमले. पण १८७२ मध्ये त्यांनी अबियातेग्रास्सोच्या जुनाट दुखणेकऱ्यांच्या रुग्णालयात नोकरी धरली. तिथल्या एका स्वयंपाकघरातच त्यांनी प्रयोगशाळा थाटली. १८७३ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या योगाने त्यांनी मोजक्याच चेतापेशी काळ्या करून दाखवल्या, पण शेंड्यापासून मुळापर्यंत. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा गोळा दिसला असता!

१८९८ मध्ये घुबडाच्या मेंदूतील पेशींत त्यांना एक जाळीदार रचना दिसली. प्रथिनांची वर्गवारी करून ती रवाना करणारा हा जणू पेशीचा जावक विभाग. अनेकांना तो रंगाचा भास वाटला. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने शंका फेडली.

मात्र चेतासंस्था हे एकच अखंड जाळे, हा हट्ट गॉल्जींनी सोडला नाही. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी त्यांच्याच पद्धतीने प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असल्याचे दाखवले. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. तेव्हाच्या भाषणातही गॉल्जींनी विरोधच केला. १९२६ मध्ये ते गेले.

मुलांना चष्मा आपणच घेऊन द्यायचा आणि त्यांना त्यातून वेगळे दिसले की रागवायचे, हे आपल्याही घरी घडतेच की!