चौपन्नाव्या वर्षी हाती आलेले प्रमाणपत्र

बिदरहून औरादकडे जाताना वाटेत संतपूर लागते. गोव्याच्या वाचकाला हे गाव नकाशात शोधावे लागेल. कर्नाटकाच्या अगदी उत्तर टोकाला, महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्या सीमांमध्ये शिरलेला हा मुलूख. कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा इथल्या बाजारात कानांवर पडतात. काळ्या-पांढऱ्या अंगाची देवणी गाय हे या पट्ट्याचे खरे धन. तिचे वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार इथला शेतकरी तोंडावरच्या व अंगावरच्या काळ्या रंगावरून सहज ओळखतो. जुन्या काळी गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या वैद्याला सालोत्री म्हणत. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून हा शब्द आला. सालोत्री म्हटला की तो पुरुषच असायचा. त्या शब्दाला स्त्रीलिंगी रूप देण्याची गरज कधी कुणाला पडली नाही.

आज बिदरला पशुवैद्यकीय, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे आणि तिथे मुलीही शिकतात. गोव्यातील मुलामुलींना मात्र या शिक्षणासाठी राज्याबाहेरच जावे लागत आले आहे. या विद्येकडे वळणारे सगळेच बारावीनंतर थेट वळतात असेही नाही. कुणी दोन वर्षे बी.एस्सी. करतो, कुणी फार्मसीला किंवा नर्सिंगला जातो आणि मग आपले मन गोठ्यातच आहे हे त्याच्या ध्यानात येते. अशा वेळी घरात पहिला हिशेब होतो तो वयाचा. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे बाहेर पडताना वय किती, लग्न कधी, नोकरी कधी? हा हिशेब चुकीचा असतो असे नाही, परंतु तो ज्यांच्या बाबतीत सर्वाधिक निष्ठुरपणे मांडला गेला त्या अलीन कस्ट यांचे चरित्र या निमित्ताने वाचण्यासारखे आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये पशुवैद्य म्हणून अधिकृत मान्यता मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

अलीन इझाबेल कस्ट यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८६८ रोजी आयर्लंडमधील टिपररी गावाजवळच्या कॉर्डँगन या वाड्यात झाला. वडील सर लिओपोल्ड कस्ट सरदार घराण्यातले, एका मोठ्या जमीनदारीची व्यवस्था पाहणारे. सहा भावंडांतली ही चौथी मुलगी बालपणापासून घोडे, कुत्री आणि गुरे यांच्यातच रमलेली. ती दहा वर्षांची असताना, १८७८ मध्ये, वडील वारले आणि कुटुंब इंग्लंडला परतले. मुलांचे पालकत्व विडरिंग्टन नावाच्या सुहृदाकडे आले. तो प्रतिष्ठित सैनिकी गृहस्थ या मुलीच्या वेडाला हसला नाही, ही तिच्या आयुष्यातली मोठीच भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. सख्ख्या घरातून तसा पाठिंबा नव्हता. घराण्याचा राबता राजदरबारी होता. थोरला भाऊ चार्ल्स आरमारात अधिकारी, पुढे पंचम जॉर्ज यांच्या निकटच्या सेवेत. अशा घरातील मुलीने घोड्याच्या खुरात हात घालावा ही कल्पनाच आईला असह्य होती.

सरदार घराण्यातील मुलीला काही करायचेच असेल तर त्या काळी परिचर्येचा मार्ग शिष्टसंमत होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कार्याने त्याला प्रतिष्ठा मिळाली होती. अलीन यांनीही लंडन हॉस्पिटलमध्ये परिचारिकेचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली. मात्र ते पुरे न करता त्यांनी सोडून दिले. हे सोडणे आळसाचे वा अपयशाचे नव्हते. आजारी जिवाची सेवा त्यांना करायचीच होती, पण तो जीव माणसाचा असावा अशी त्यांची ओढ नव्हती.

१८९४ मध्ये त्या एडिनबरोच्या न्यू व्हेटर्नरी कॉलेजात दाखल झाल्या. वय सव्वीस, वर्गात भोवती सगळे तरुण पुरुष आणि ही एकटी स्त्री. घराण्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून त्यांनी प्रवेश घेतला तोही ए. आय. कस्टन्स या बदललेल्या नावाने. कस्टन्स हे त्या काळच्या एका नामांकित घोडेस्वाराचे, शर्यतीतल्या जॉकीचे आडनाव. या निवडीत थोडा खट्याळपणा दिसतो, तेवढाच. प्राचार्य विल्यम विल्यम्स यांनी त्यांना दारातून परत पाठवले नाही. पहिल्या वर्षाच्या अखेरीस प्राणिशास्त्रात सुवर्णपदक याच विद्यार्थिनीने मिळवले.

इथवर सारे सुरळीत होते. अडचण आली ती शिकण्याच्या नव्हे, परीक्षेच्या दारात. महाविद्यालय शिकवीत असे, परंतु पशुवैद्य म्हणवून घेण्याचा अधिकार देणारी परीक्षा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्स या संस्थेची. १८८१ च्या कायद्याने तर ती संस्था जिला सभासद मानील त्या व्यक्तीखेरीज दुसऱ्या कुणालाही ही उपाधी लावण्याची मनाई झाली होती. आपल्याकडे आज पशुवैद्यक परिषदेच्या नोंदणीला जे महत्त्व आहे, तेच तिथे या संस्थेच्या सभासदत्वाला. अलीन यांनी पहिल्या परीक्षेला बसण्याची परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. संस्थेच्या सनदेत विद्यार्थी असा शब्द होता. त्या शब्दात स्त्री येते काय, हा वादाचा मुद्दा झाला.

हे घडत होते तेव्हा माणसांच्या वैद्यकाचे दार स्त्रियांना उघडून बराच काळ लोटला होता. १८७६ च्या कायद्याने ब्रिटनमधील वैद्यकीय परीक्षा मंडळांना स्त्रियांना परवाना देण्याची मुभा मिळाली होती. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एम.डी. झाल्या, आणि त्याच वर्षी मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. अलीन एडिनबरोत शिकू लागल्या त्याच सुमारास रखमाबाई लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयातले शिक्षण संपवून स्कॉटलंडच्या परीक्षा मंडळांचा परवाना मिळवीत होत्या. बालविवाहाच्या खटल्याने गाजलेल्या रखमाबाईही पंचविशीच्या आसपासच वैद्यकाकडे वळलेल्या. म्हणजे मुंबईच्या सुतार समाजातील एका स्त्रीला स्कॉटलंडमध्ये डॉक्टर होता येत होते, आणि तिथेच एका सरदारकन्येला गुरांची डॉक्टर होता येत नव्हते. जात आणि श्रीमंती यांचे नेहमीचे गणित इथे उलटे झाले. स्त्रीने माणसाला औषध देण्यात निदान घरातल्या शुश्रूषेची छाया तरी दिसत होती. घोड्याचे खच्चीकरण आणि अडलेल्या गाईची सुटका ही मात्र निव्वळ पुरुषी कामे ठरवलेली. खरे पाहता अडलेल्या गाईच्या पोटातले वासरू वळवायला बारीक, लवचीक हात किती सोयीचा असतो हे कुठल्याही गोठ्यातल्या म्हातारीला विचारावे.

अलीन न्यायालयात गेल्या. १८९७ मध्ये एडिनबरोच्या कोर्ट ऑफ सेशनपुढे प्रकरण आले. विद्यार्थी या शब्दात स्त्री येते की नाही हे न्यायालयाने सांगितलेच नाही. रॉयल कॉलेज लंडनचे आहे, स्कॉटलंडच्या न्यायालयाच्या कक्षेत ते येत नाही, एवढ्यावर निकाल लागला. आता लंडनला नवा दावा लावायचा तर वृत्तपत्रांत गवगवा होणार, घराण्याची बेअब्रू होणार. आईला तो त्रास नको म्हणून अलीन यांनी लंडनमध्ये दावा लावला नाही. या माघारीबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे. पण नाव बदलून शिकणाऱ्या मुलीने आणखी किती ओझे उचलायचे?

त्यांनी केले ते अधिक अवघड होते. परीक्षेची आशा नसताना त्यांनी अभ्यासक्रम शेवटपर्यंत पुरा केला. १९०० मध्ये ही विद्यार्थिनी सर्वार्थाने तयार झाली आहे असे प्राचार्य विल्यम्स यांनी आपल्या सहीने लिहून दिले. त्या कागदाला कायद्याने काडीचीही किंमत नव्हती.

त्या कागदावर विसंबून त्यांना काम देणारा एक माणूस आयर्लंडमध्येच निघाला. रॉसकॉमन परगण्यातील अॅथलीग येथे व्यवसाय करणारे विल्यम बर्न हे स्वतः पदवीधारक पशुवैद्य, शिवाय रॉयल कॉलेजच्या कारभारी मंडळावरचे. ज्या मंडळाने दार लावले त्याच मंडळातल्या एकाने आपल्या घरचे दार उघडले. अलीन त्यांच्या साहाय्यक झाल्या. कधी घोड्यावरून, कधी घोडागाडीतून वाड्या-वस्त्यांवर जाऊन त्या गुरे पाहत. शेतकऱ्यांनी आरंभी काय म्हटले असेल याची कल्पना आपल्याला संतपुरात बसूनही करता येते. परंतु शेतकऱ्याचा न्याय सरळ असतो, गाय उठली की वैद्य खरा. काही वर्षांतच त्या भागात त्यांचे नाव झाले. एव्हाना त्यांचा विवाह पालकांच्याच घरातील मुलाशी ठरला होता, तो मोडला. पुढे त्या अविवाहितच राहिल्या.

१९०५ मध्ये गॉलवे परगण्याच्या मंडळाने जनावरांच्या साथरोगांसंबंधीच्या कायद्याखाली पशुवैद्यकीय निरीक्षक नेमायचे ठरवले आणि निवड केली अलीन कस्ट यांची. लगेच रॉयल कॉलेजने हरकत घेतली, आणि सरकारी खात्याने नेमणुकीला मान्यता नाकारली. परगण्याने पुन्हा त्यांचेच नाव सुचवले. अखेर तडजोड निघाली ती सरकारी कारभाराला शोभेल अशीच. पदनामातला पशुवैद्यकीय हा शब्द गाळायचा आणि काम तेच ठेवायचे. बाईंनी ते स्वीकारले. सरकारी दफ्तरात त्या पशुवैद्य नव्हत्या, तरीही साथ आली की गावोगाव त्यांनाच जावे लागे.

१९१० मध्ये बर्न वारले आणि सगळा व्यवसाय अलीन यांच्याकडे आला. नोंदणी नाही, उपाधी नाही, पण पंचक्रोशीतील गुरे-घोडी त्यांच्या हवाली. यानंतर पहिले महायुद्ध पेटले. तोफा ओढायला, दारूगोळा आणि जखमी वाहायला घोडे आणि खेचरे लागत, आणि ती हजारोंच्या संख्येने जायबंदी होऊन येत. फ्रान्समधील अॅबव्हिल येथे ब्रिटिश सैन्याची मोठी पशुरुग्णालये होती. सैन्यदलाच्या पशुवैद्यक विभागात स्त्रीला जागा नव्हतीच. अलीन आपली मोटार घेऊन वायएमसीएच्या स्वयंसेविका म्हणून फ्रान्सला गेल्या आणि त्या रुग्णालयांच्या आसपास राहून घोड्यांच्या सेवेत शिरल्या. युद्धाच्या उत्तरार्धात त्यांनी जंतुशास्त्राचे कामही पाहिले आणि १९१८ मध्ये स्त्रियांच्या साहाय्यक सेनादलात त्या अधिकृतपणे दाखल झाल्या. तेव्हा त्यांचे वय पन्नास होते.

युद्धाने युक्तिवादाने न झालेले काम केले. पुरुष रणात गेल्यावर स्त्रियांनी कारखाने, रुग्णालये आणि शेती चालवली, आणि त्यानंतर त्यांना अपात्र म्हणणे लाजिरवाणे झाले. १९१९ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये कायदा झाला की केवळ स्त्री आहे म्हणून कुणालाही व्यवसायातून वगळता येणार नाही. सनदेतल्या विद्यार्थी या शब्दावरचा वाद यामुळे एका फटक्यात निकालात निघाला. अलीन यांनी पुन्हा अर्ज केला. त्यांचे पूर्वीचे शिक्षण आणि युद्धातील सेवा ध्यानात घेऊन रॉयल कॉलेजने त्यांना अंतिम परीक्षेला बसू दिले. डिसेंबर १९२२ मध्ये त्या उत्तीर्ण झाल्या आणि त्यांना सभासदत्वाचे प्रमाणपत्र मिळाले. एडिनबरोच्या वर्गात पहिल्यांदा बसल्यापासून अठ्ठावीस वर्षे लोटली होती आणि त्यांनी चौपन्नावे वर्ष ओलांडले होते. बावीस वर्षे जे काम त्या रोज करीत होत्या, ते करण्यास त्या पात्र आहेत की नाहीत हे परीक्षकांनी त्यांना आता विचारले.

या प्रसंगाकडे विजय म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. तो विजय होताच, परंतु त्यातली हानीही डोळ्यांआड करू नये. सव्विसाव्या वर्षी या वाटेला लागलेल्या स्त्रीला उशीर झाला नव्हता, तिला उशीर करवला गेला. प्रमाणपत्र आले तेव्हा रात्री-अपरात्री थंडीत गोठ्यात गुडघे टेकायचे वय सरत आले होते. आयर्लंडही बदलले होते, स्वातंत्र्ययुद्ध आणि पाठोपाठ यादवी यांनी तो देश पोळला होता. नोंदणीकृत पशुवैद्य म्हणून अलीन यांना उणीपुरी दोनच वर्षे व्यवसाय करता आला. १९२४ मध्ये त्यांनी तो विकला आणि त्या इंग्लंडला जाऊन राहिल्या.

उशिराने सुरुवात करणाऱ्यांना त्यांचे उदाहरण देताना म्हणून जपून बोलावे. वय ही अडचण नसते असे हे चरित्र सांगत नाही. नियम करणारे दाराशी उभे असले तर पंचविशीतला माणूससुद्धा म्हातारा होईपर्यंत थांबतो, हे मात्र त्यात ठळक दिसते. आज आपल्याकडे असे दार कुणाला बंद नाही. उरतो तो घरातला हिशेब, आणि तो प्रत्येकाने आपापल्या घरी मांडायचा आहे.

अलीन यांच्यानंतर फार वाट पाहावी लागली नाही. १९२३ मध्ये एडिथ नाइट लिव्हरपूलहून उत्तीर्ण होऊन दुसऱ्या स्त्री पशुवैद्य झाल्या. परीक्षा मागण्यासाठी त्यांना न्यायालयात जावे लागले नाही, आणि नावही बदलावे लागले नाही.

अलीन कस्ट २९ जानेवारी १९३७ रोजी जमैकात, किंग्स्टन येथे वारल्या. वय अडुसष्ट. पशुवैद्यकातील संशोधनाकरिता शिष्यवृत्ती सुरू करावी म्हणून मृत्युपत्रात त्यांनी रक्कम ठेवली होती. ती त्यांनी दिली त्याच रॉयल कॉलेजला.