शिक्षक लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव किर्लोस्करांस सारा महाराष्ट्र कारखानदार म्हणून ओळखतो. परंतु ते आधी शिक्षक होते, याचे आम्ही येथे स्मरण करतो. २० जून १८६९ रोजी जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यास मुंबईस आले. रंगभेद नीट कळेना, म्हणून त्यांनी यंत्ररेखनाची कास धरली आणि आज माटुंग्यास असलेल्या व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकविला. बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावी गेले. तेथे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडविले. लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी नांगरास प्रथम गिऱ्हाईक मिळेना. तरी ते खचले नाहीत. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते निवर्तले.

फळ्यावरची रेषा शेतातल्या तासापर्यंत नेणारा असा शिक्षक विरळा. मालाडच्या आपल्या कुटुंबांतील अनेक मुलेमुली आज अभियांत्रिकी शिकत आहेत. त्यांनी शिकत असतानाच काही महिने कारखान्यात हात काळे करावेत, आणि आपल्यातील कारखानदार बंधूंनी त्यांस आपले दार उघडावे, हीच आमची विनंती.